थंडीचा कडाका धरून भाजीपाल्याचे नियोजन

आपल्याकडे दव गोठण्याची ठरलेली तारीख नसते. निफाड पट्ट्यात एखाद्या वर्षी पारा 5 अंशांच्या खाली जातो, तर पुढच्या वर्षी 8 वरच थांबतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठावर काही पहाटे हिमकणांचा पांढरा थर दिसतो, पण नेमका कधी ते आधी सांगता येत नाही. पुण्यातही जानेवारी 1935 मध्ये 1.7 अंशांची नोंद झालेली आहे. म्हणून एका तारखेवर न जाता काळ धरावा: साधारण 20 डिसेंबर ते जानेवारीअखेर. या सहा आठवड्यांत नाजूक पीक कोवळ्या रोपात किंवा ऐन फुलोऱ्यात सापडू नये. लागवडीचा सगळा हिशेब याच्यावरून उलटा मोजायचा.

टोमॅटोचे बघा. पुनर्लागवडीनंतर महिन्याभरात फुले लागतात. रात्रीचे तापमान 12-13 अंशांच्या खाली राहिले की परागकण नीट तयार होत नाहीत, फुले गळतात किंवा वेडीवाकडी फळे धरतात. ऑक्टोबरच्या मध्यात रोपे लावली तर कडाका सुरू होईपर्यंत पहिले दोन-तीन घोस धरलेले असतात. तीच रोपे नोव्हेंबरच्या शेवटी लावली की फुलोरा नेमका थंडीत येतो. उशीर झालाच असेल तर घाई करू नका. डिसेंबरअखेर ट्रेमध्ये बी टाका, रात्री प्लास्टिकच्या बोगद्याखाली ठेवा आणि फेब्रुवारीत लावा. थंडीत रोप तयार व्हायला आठ-दहा दिवस जास्त लागतात, तेही धरून चला.

काकडी, दोडका, कारली, भेंडी यांची घाई तर मुळीच करू नये. जमीन गार असेल तर बी उगवण्याआधीच कुजते. संक्रांत झाल्यावर सात-आठ दिवस हवेचा अंदाज घेऊन पेरा. त्याआधी बी रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून घरात उबेला ठेवावे आणि मोड डोकावले की टोकावे. लवकर बाजार पकडायचाच असेल तर क्रॉप कव्हर, म्हणजे पिकावर घालायचे पातळ कापड, लागेल; मादी फुले दिसू लागली की ते काढा, नाहीतर मधमाश्यांना आत जाता येणार नाही.

मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर, कोबी, लसूण थंडी सहज झेलतात, फक्त वाढ मंदावते. वाटाण्याचा वेल टिकतो, पण फुले आणि कोवळ्या शेंगा भाजतात. रब्बी कांद्याची गोष्ट वेगळी. पाणी किंवा मजूर मिळाले नाहीत म्हणून रोप वाफ्यात राहून जाड झाले आणि त्याला थंडी सलग लागली, तर लागवडीनंतर डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, येतात. रोप साधारण 50 दिवसांचे झाले की लावून मोकळे व्हा.

आता तुमच्या रानाविषयी. बातमीतला आकडा वेधशाळेच्या पेटीतला, म्हणजे जमिनीपासून सव्वा मीटरभर उंचीवरचा असतो. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर वीतभर उंचीच्या पिकाशी तापमान त्याहून 3-4 अंशांनी कमी असू शकते. गार हवा जड असते, ती उताराने वाहत येऊन ओढ्याकाठच्या खोलगट तुकड्यात साचते. टोमॅटो-मिरची चढावर लावा, खोलगटात कांदा-लसूण. कमाल-किमान तापमापक घेऊन तो पिकाच्या उंचीवर खुंटीला बांधा. दोन हंगाम नोंदी ठेवल्या तर पंचांगापेक्षा त्यांचा उपयोग जास्त होईल.

थंडीच्या लाटेचा इशारा आला की संध्याकाळी हलके पाणी द्या. विहिरीचे पाणी हवेपेक्षा उबदार असते आणि ओली जमीन दिवसाची ऊब रात्री हळूहळू सोडते. कोरड्या पाचटाचे आच्छादन मात्र ही ऊब वर येऊ देत नाही. अशा दोन-चार रात्री ते ओळींतून बाजूला सारावे. परसबागेतले वाफे जुन्या साडीने झाकले तरी चालते, पण कापड पानांना टेकू देऊ नका, सकाळी ऊन आले की काढा. बांधावर ओला कचरा पेटवून धूर करण्यावर माझा फारसा भरवसा नाही. वाऱ्याची झुळूक आली की धूर शेजाऱ्याच्या रानात, आणि रात्रभर जागरण ते वेगळेच.

एवढे करूनही पाने उकळते पाणी पडल्यासारखी लुळी होऊन दुपारपर्यंत काळी पडली, तर लगेच छाटणी करू नका, युरियाही टाकू नका. आठवडाभर थांबा, खालच्या डोळ्यांतून फुटवा कुठवर येतो ते पाहा आणि त्याच्या वर छाटा.