दोन काइट्सची तुलना करताना या चुका टाळा

गोव्यातल्या मोरजी-आश्वेच्या किनाऱ्यावर हंगामात संध्याकाळी काईटसर्फिंग करणाऱ्यांत, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीवर बोर्डवरून पाण्यावर धावणाऱ्यांत, एक चर्चा हमखास रंगते: कुणाची काईट भारी? एक जण म्हणतो कॅब्रिन्हाची स्विचब्लेड घे, दुसरा म्हणतो ड्युओटोनच्या रिबेलसारखी उडी कशानेच मिळत नाही, तिसरा एफ-वनच्या बँडिटवरून खाली उतरायला तयार नसतो. मतं ठाम असतात, पण ती तयार कशी झाली हे विचारा. एक काईट गेल्या महिन्यात स्वतःच्या बारवर (काईट चालवायच्या आडव्या दांडीवर) उडवलेली असते, दुसरी काल मित्राच्या बारवर, तीही जेमतेम दहा मिनिटं. तेवढ्यावर निकाल लागतो आणि लाखाच्या वरची खरेदी होते.

माझं म्हणणं असं की आपल्याला ‘जाणवलेला’ फरक पुष्कळदा काईटमध्ये नसतोच. तो वाऱ्यात, लाइन्समध्ये (बार आणि काईट जोडणाऱ्या दोऱ्यांत) आणि पंपात, म्हणजे भरलेल्या हवेत असतो. हे तीन घटक सारखे केल्याशिवाय कुठल्याच मॉडेलबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

वारा बदलला आणि श्रेय काईटला दिलं

गोवा आणि दक्षिण कोकणात साधारण फेब्रुवारी ते मे आपण ज्यावर काईट उडवतो, ते शाळेच्या भूगोलातले खारे वारे. जमीन तापली की दुपारी वायव्येकडून वारा लागतो आणि पुढचे दोन-तीन तास चढत जातो. आता गणित बघा. काईटची ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १४ नॉटचे (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किमी) १६ नॉट झाले तर वेग वाढला १४ टक्के, पण ओढ वाढली सुमारे ३० टक्के. म्हणून दोन वाजता एक काईट आणि साडेतीनला दुसरी उडवणाऱ्याला दुसरी कायम जास्त ताकदवान वाटणार, मग ती कुठल्याही कंपनीची असो.

यावर उपाय सोपा आहे, फक्त थोडा कंटाळवाणा आहे. दोन्ही काइट्स आधीच पंप करून तयार ठेवा. पहिली पंधरा मिनिटं, दुसरी पंधरा मिनिटं, आणि मग पुन्हा पहिली. परत घेतलेली पहिली काईट आधीपेक्षा वेगळी वाटली, तर वारा बदलला आहे आणि त्या दिवशीची तुलना बाद. ही तिसरी फेरी जवळजवळ सगळे टाळतात, आणि चाचणीचा सगळा भरवसा तर तिच्यावरच असतो. बोर्ड तोच, हार्नेस (काईटची ओढ घेणारा कमरेचा पट्टा) तोच, उडवणारा माणूसही तोच हवा. हातात धरायचा छोटा वारामापक असेल तर आकडे लिहून ठेवा. विंडी किंवा विंडगुरू या हवामानाच्या अॅपवर दिसणारा आकडा अंदाजाचा असतो. त्या क्षणी तुमच्या डोक्यावर किती वारा आहे हे त्यावरून ठरत नाही.

बार आणि लाइन्स न तपासणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पुढच्या दोन लाइन्सवर, म्हणजे फ्रंट लाइन्सवर, हार्नेसमधून येणारा बहुतेक भार असतो. वापराने त्या ताणून लांब होतात. मागच्या लाइन्सवर भार कमी, त्यात मीठ आणि वाळू मुरते, त्या उलट थोड्या आखडतात. वर्षभर नियमित वापरलेल्या बारवर हा फरक काही सेंटीमीटरपर्यंत सहज जातो. मग होतं काय? मागच्या लाइन्स तुलनेने आखूड झाल्या की काईट कायम जास्त आत ओढलेली राहते. बार जवळ घेतला की ती पुढे जायच्या ऐवजी मागे बसते. याला बॅकस्टॉल म्हणतात. हलक्या वाऱ्यात तर ती शेपटीवर मागे मागे येत पाण्यात पडते. अशा बारवर नवी काईट लावून बघणारा माणूस ‘हिला लो-एंडच नाही’, म्हणजे हलक्या वाऱ्यात ओढच नाही, म्हणून मोकळा होतो.

उलटी गडबडही होते. मागच्या लाइन्स सैल असतील तर बार पूर्ण आत घेऊनही ओढ येत नाही, वळण उशिरा लागतं, आणि मागच्या लाइन्स हवेत पोट काढून लोंबताना दिसतात. ती काईट मग ‘मंद’ ठरते.

तपासायला पाच मिनिटं लागतात. चारही लाइन्सची टोकं एका मजबूत खुंटीला अडकवा. ट्रिमचा पट्टा (फ्रंट लाइन्सची लांबी कमी-जास्त करणारा) पूर्ण मोकळा सोडा, म्हणजे पूर्ण पॉवरवर. आता चिकन लूपकडे, म्हणजे हार्नेसला अडकणाऱ्या कडीकडे, बार पूर्ण आत घेऊन सगळं ताणून धरा. चारही लाइन्स एकसारख्या ताणल्या गेल्या आणि बार सरळ आडवा राहिला तर ठीक. बार एका बाजूला झुकला तर डाव्या-उजव्या लाइन्समध्ये फरक आहे. बार सरळ पण मागच्या लाइन्स आधी ताठ होत असतील तर वर सांगितलेला बॅकस्टॉल ठरलेला. तात्पुरता उपाय म्हणून काईटच्या टोकाला असलेल्या पिगटेलवर, म्हणजे गाठी मारलेल्या छोट्या दोरीवर, मागची लाइन बाहेरच्या गाठीला लावा, म्हणजे मागची बाजू लांब होते. कायमचा उपाय म्हणजे लाइन्स समान करून घेणं किंवा बदलणं.

लाइन्सची लांबीही बघायला हवी. २४ मीटरच्या लाइन्सवर काईटला फिरायला मोठी जागा मिळते, हलक्या वाऱ्यात तिला वरखाली फिरवून जास्त ओढ काढता येते. २० मीटरवर तीच काईट चपळ लागते पण लो-एंड कमी होतो. एक काईट २४वर आणि दुसरी २०वर उडवली असेल तर तुम्ही लाइन्सची तुलना केली आहे. बारची रुंदी आणि फ्रंट लाइन्स कुठे दुभंगतात, खाली की वर, यानेही वळण आणि पकड बदलते. दोन्ही काइट्स एकाच बारवर उडवता आल्या तर सगळ्यात उत्तम, मात्र त्या काइट्स त्या बारवर सुरक्षित चालतात का हे कंपनीच्या पुस्तिकेत आधी पाहा. क्विक रिलीज, म्हणजे आणीबाणीत काईट सोडवायची यंत्रणा, ओढल्यावर काईट एका फ्रंट लाइनवर निखळून निष्प्रभ व्हायला हवी. पाचव्या लाइनसाठी बनवलेली सी-काईट (इंग्रजी C सारखी वाकलेली) चार लाइनच्या बारवर नेऊ नका. क्विक रिलीजसाठी २०२०मध्ये आयएसओ २१८५३ हे मानक आलं आहे. बार उसना घेताना तो त्या मानकाचा आहे का हे जरूर विचारा आणि पाण्यात जाण्याआधी एकदा रिलीज प्रत्यक्ष ओढून पाहा.

काईट एकाच बाजूला ओढत असेल तर दोष कुणाचा हेही शोधावं लागतं. भरवशाच्या दुसऱ्या बारवर ती सरळ उडाली तर दोष तुमच्या लाइन्सचा. दुसऱ्या बारवरही तिकडेच ओढत असेल तर हवा काढून काईट मधोमध दुमडा, दोन्ही टोकं जुळवा आणि डाव्या-उजव्या ब्रायडलच्या, म्हणजे काईटच्या पुढच्या कडेला जोडलेल्या, दोऱ्या शेजारी शेजारी ताणून पाहा. ब्रायडलवर छोट्या पुली असतील तर त्या फिरतात ना हे बघा. आपल्या किनाऱ्यावर मिठाने एक पुली अडकणं फार सामान्य आहे, आणि गोड्या पाण्याने धुतलं की अनेकदा तेवढ्यावर काम भागतं.

पंप अर्धवट

मऊ काईट कधीच खरी चाल दाखवत नाही. झुळकीत तिची पुढची कड, म्हणजे लीडिंग एज, वाकते, वळताना आकार बिघडतो. किती दाब हवा हे व्हॉल्व्हजवळ छापलेलं असतं. साधारण ६ ते ८ पीएसआय, आणि मोठ्या काईटला लहानीपेक्षा कमी.

आपल्याकडे यात उन्हाची भर पडते, आणि युरोपातल्या मार्गदर्शक व्हिडिओंमध्ये हे सहसा कुणी सांगत नाही. समजा एप्रिलच्या दुपारी काईट वाळूवर तापली, आतली हवा ४५ अंशांना आहे आणि तुमच्या गेजवर ७ पीएसआय दिसतात. पाण्यावर गेल्यावर तीच हवा ३० अंशांवर आली की दाब सुमारे ६ वर उतरतो. गळती नाही, व्हॉल्व्ह ठीक, तरी काईट मऊ. सावलीत असलेली काईट आणि तासभर उन्हात पडलेली काईट यांची तुलना म्हणूनच फसवी ठरते. पाण्यात नेण्याआधी थोडं पाणी मारून थंड करा, मग दाब पाहा. तासभर उन्हात फुगवून ठेवणं कापडालाही वाईट.

१२ म्हणजे १२ असं धरून चालणं

काईटवर लिहिलेला आकडा कापड सपाट पसरल्यावरच्या क्षेत्रफळाचा असतो. हवेत ती कमानीसारखी वाकते आणि वाऱ्यासमोर येणारं क्षेत्रफळ त्याहून कमी भरतं. सी-काईट जास्त वाकते, बो आणि डेल्टा प्रकार तुलनेने सपाट राहतात. त्यामुळे सी प्रकारची १२ आणि बो प्रकारची १२ यांची ओढ वेगळी असते. इथे इतिहासही थोडा उपयोगी पडतो. फ्रान्सच्या ब्रिटनीतल्या ब्रुनो आणि डॉमिनिक लगेन्यू या भावांनी फुगवायच्या काईटचं पेटंट १९८४मध्ये मागितलं. पुढे बो आकाराची काईटही ब्रुनोनेच आणली. २००५च्या सुमारास बो काइट्स बाजारात आल्या तेव्हा बार सोडून ओढ जवळजवळ शून्यावर आणणं पहिल्यांदा शक्य झालं. आज दुकानात दिसणाऱ्या बहुतेक काइट्स या दोन टोकांच्या मधल्या आहेत, म्हणून ‘हायब्रिड’ हा शब्द वाचून काहीच कळत नाही. अ‍ॅस्पेक्ट रेशो (लांबी-रुंदीचं प्रमाण) आणि स्ट्रट (पुढून मागे जाणाऱ्या फुगवलेल्या नळ्या) किती आहेत ते विचारा. लांब-अरुंद काईट हवेत जास्त तरंगते आणि वाऱ्याविरुद्ध चांगली चढते, आखूड-रुंद काईट पटकन वळते आणि पाण्यातून लवकर उठते.

साइज निवडताना लोक वजन गुणिले २.२ भागिले नॉट हा ठोकताळा वापरतात. ७५ किलोच्या माणसाला १५ नॉटमध्ये ११ चौरस मीटर. ट्विनटिप (दोन्ही टोकं सारखी असलेल्या) बोर्डसाठी सुरुवातीला तो ठीक आहे. पण कंपन्यांचे तक्ते वाचताना एक लक्षात ठेवा: आपली उन्हाळ्यातली हवा विरळ असते. १२ अंशांच्या हवेपेक्षा ३२ अंशांची हवा ६ ते ७ टक्क्यांनी हलकी, आणि ओढही तेवढीच कमी. त्यामुळे थंड देशात १२ची काईट जे करते, ते आपल्याकडे ती ११पेक्षा किंचित मोठ्या काईटसारखं करेल. उत्तर युरोपातल्या कुणाच्या शिफारशीवर साइज मागवली तर हे हमखास नडतं.

दुसऱ्याच्या पाण्यासाठी बनलेली काईट

केपटाउनच्या ‘किंग ऑफ द एअर’ स्पर्धेचे व्हिडिओ बघून पाच स्ट्रटची उंच उडीची काईट घ्यावीशी वाटते. तिथे वारा बऱ्याचदा ३० नॉटच्या वर असतो. गोव्यात दुपारी १२ ते १६ नॉट मिळाले तरी आपण खूश असतो. ३० नॉटमध्ये दगडासारखी स्थिर राहणारी जड काईट १२ नॉटमध्ये हवेत टिकायलाच धडपडते. तसंच २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये, मार्सेयच्या समुद्रात दिसलेल्या फॉइल काइट्सचं (यात फुगवायच्या नळ्या नसतात, कापडी कप्प्यांत वारा भरतो). वेगाला त्या अप्रतिम आहेत, पण पाण्यात पडून आत पाणी गेलं तर नवशिक्याला त्या उठवता येत नाहीत.

आपल्यातले पुष्कळ जण उन्हाळ्यानंतर तुतुकुडी किंवा रामेश्वरमला जातात, कुणी श्रीलंकेतल्या कल्पितियाला. तिथला नैऋत्येचा वारा जास्त जोरात आणि सलग असतो, आणि उथळ सपाट पाणीही मिळतं. तिथे आवडलेली ९ची काईट उत्तमच असेल, पण तिथल्या अनुभवावर त्याच मॉडेलची १२ गोव्यासाठी घेऊ नका. आधी १२च उडवून बघा, कारण एकाच मॉडेलच्या लहान आणि मोठ्या साइजचा स्वभाव वेगळा असतो.

हलक्या वाऱ्यासाठी घेणार असाल तर वजनाला महत्त्व द्या. कमी स्ट्रटची काईट किंवा अ‍ॅल्युलासारख्या हलक्या कापडाची चौकट खरोखर फरक पाडते. किंमतही तशीच आहे, त्यामुळे १८ नॉटच्या जागी राहणाऱ्याने त्यासाठी खिसा रिकामा करू नये.

नवी आणि जुनी समोरासमोर

स्वतःची चार-पाच वर्षांची काईट आणि दुकानातली कोरी डेमो यांत डेमो जिंकणारच. जुन्या कापडाचा कडकपणा जातो, ते ताणतं, मागची कड फडफडते. नव्या मॉडेलचं कौतुक करण्याआधी तुमच्याच मॉडेलची कमी वापरलेली काईट मिळते का बघा. वापरलेली विकत घेत असाल तर कापड उन्हात धरून टाके आणि ठिगळं पाहा, बोटांनी चुरगळून बघा. करकरीत आवाज पूर्ण गेला असेल आणि कापड रुमालासारखं लोळत असेल तर किंमत कितीही कमी असो, सोडा. फुगवून दोन तास सावलीत ठेवा आणि दाब परत मोजा.

पाण्यातून उठवून न बघणं

तुलना करताना सगळे उड्या आणि वळणं बघतात, रिलाँच कुणी बघत नाही. हलक्या वाऱ्यात काईट पडते, आणि ती उठली नाही तर किनाऱ्यापर्यंत पोहत येणं हाच पर्याय उरतो. म्हणून वारा किनाऱ्याकडे किंवा किनाऱ्याला तिरका असताना, कमरेएवढ्या पाण्यात, कुणीतरी सोबत असताना प्रत्येक काईट मुद्दाम पाण्यात पाडा. एकदा नाक खाली करून, एकदा टोकावर. एक मागची लाइन ओढून ती किती वेळात कडेला सरकते आणि उठते ते पाहा. तुम्ही ज्यात उडवणार त्यातल्या सगळ्यात कमी वाऱ्यात हे करा. पावसाळ्यात मात्र आपल्या किनाऱ्यावर कुठलीच चाचणी नको, जूनपासून अरबी समुद्राच्या लाटा आणि ओढ त्या लायकीच्या राहत नाहीत. आणि दोन काइट्समध्ये मन अडलं असेल, बाकी सगळं जवळपास सारखं असेल, तर १२ नॉटमध्ये जी आधी उठली ती घ्या.