कॅम्पिंगसाठी स्वस्तातला जनरेटर: घ्यायचा कसा, तपासायचा कसा

जनरेटरच्या खोक्यावर सगळ्यात ठळक छापलेला आकडा तुमच्या कामाचा नसतो. '१००० वॉट' असं लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा मॅक्सिमम, म्हणजे थोडा वेळच टिकणारं. तासन् तास मिळते ती त्याच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेली 'रेटेड' पॉवर: ८५०, ८००, कधी त्याहून कमी. स्वस्त मशिनांवर तर हा बारीक आकडाही सढळ हाताने लिहिलेला आढळतो. तेव्हा वीस-पंचवीस हजारांच्या आतला जनरेटर घ्यायचा असेल तर लोड (म्हणजे वीज खाणाऱ्या वस्तू) लावून तपासल्याशिवाय तो चांगला आहे असं मानू नका. हे तपासणं पवना तलावाच्या काठावर, कॅम्पवर पोचल्यावर रात्री आठ वाजता करायचं काम नव्हे. ठाण्यात, उजेडात, दुकानाची रिटर्नची मुदत संपायच्या आत उरकायचं.

आधी कागद-पेन

दहा-बारा जणांचा ग्रुप धरू. ९ वॉटचे सहा एलईडी बल्ब म्हणजे ५४. मोबाइलचे सहा चार्जर, प्रत्येकी २० धरले तर १२०. दोन टेबल फॅन १००, एक स्पीकर ४०. बेरीज ३१४ वॉट. वर पंचवीस-तीस टक्के मोकळीक ठेवली की चारशेच्या आसपास. म्हणजे ६५० ते ८५० रेटेड वॉटचं मशिन पुरून उरतं.

गणित बिघडतं ते स्वयंपाकाच्या वस्तूंनी. इलेक्ट्रिक केटल १५०० वॉट, इंडक्शन २०००. मिक्सरवर ७५० लिहिलेलं असलं तरी मोटर सुरू होताना दोन-तीन पट करंट खेचते, आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर तर त्याहून जास्त. केटल आणि इंडक्शन घरी ठेवा, वाटण घरून वाटून न्या, चहा गॅसच्या शेगडीवर करा. एका केटलपायी दुप्पट वजनाचं आणि दुप्पट किमतीचं मशिन घेणारे लोक आहेत, त्यांना माझा नमस्कार.

आणि चौघांचं कुटुंब एका रात्रीसाठी जाणार असेल तर जनरेटर घेऊच नका. दोन चार्जिंगचे दिवे आणि एक मोठी पॉवर बँक पुरते. फार तर ५०० वॉट-अवरचं लिथियम पॉवर स्टेशन घ्या, त्याला ना धूर ना आवाज. जनरेटर परवडतो तो मोठ्या ग्रुपला आणि दोन-तीन रात्रींच्या मुक्कामाला.

कुठला प्रकार

या बजेटमध्ये प्रामुख्याने दोन प्रकार दिसतात. टू-स्ट्रोक हलका आणि स्वस्त असतो, पण पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं, धूर होतो आणि आवाज कर्कश. फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल वेगळं भरतात. तो जरा जड असतो, पण पेट्रोल कमी पितो. माझं मत विचाराल तर दोन-तीन हजार जास्त गेले तरी फोर-स्ट्रोकच घ्या, आणि ऑइल कमी झालं की आपोआप बंद होणारा घ्या.

तिसरा प्रकार इन्व्हर्टर जनरेटर. साधा जनरेटर ५० हर्ट्झ देण्यासाठी सतत ३००० आरपीएमवर (मिनिटाला ३००० फेरे) फिरतो. एक बल्ब लावा नाहीतर दहा, बोंबलणं तेवढंच. इन्व्हर्टरवाला लोड कमी असेल तेव्हा इंजिन मंद करतो, म्हणून आवाज आणि पेट्रोल दोन्ही वाचतं, आणि करंटही स्वच्छ येतो. नावाजलेल्या कंपनीचा मात्र या बजेटमध्ये बसत नाही. आणि बिननावाचा घेतला तर त्याचं इलेक्ट्रॉनिक कार्ड जळल्यावर ते मिळणार कुठे, हे आधी विचारून घ्या.

खोक्यावर केव्हीए (व्होल्ट गुणिले अँपियर, हजारांत) लिहिलं असेल तर दुकानदाराला वॉट विचारा. पॉवर फॅक्टर, म्हणजे त्यातला प्रत्यक्ष कामी येणारा वाटा, ०.८ असेल तर १ केव्हीए म्हणजे ८०० वॉटच.

दुकानात

ठाणे स्टेशनजवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानांत एखाद-दुसरं मॉडेल मिळतं. चार मशिनं शेजारी-शेजारी बघायची असतील तर मुंबईत नागदेवी स्ट्रीटला चक्कर मारा. तिथे अवजारं आणि मशिनरीचीच बाजारपेठ आहे. ऑनलाइन स्वस्त दिसलं तरी तीन गोष्टी विचारा: जीएसटीचं बिल, जवळचं सर्व्हिस सेंटर, आणि सुरू करायच्या दोरीची स्प्रिंग, कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग), स्पार्क प्लग हे सुटे भाग मिळतात का. वॉरंटी वर्षाची आणि सर्व्हिस सेंटर भिवंडीच्या पलीकडे, असं असेल तर वीस किलोचं धूड तुम्हीच उचलून नेणार आहात. वागळे इस्टेटमध्ये किंवा तुर्भे-महापेच्या एमआयडीसीत छोटी इंजिनं दुरुस्त करणारा एखादा ओळखीचा असेल तर मॉडेलचं नाव त्याला आधी सांगा. कुठलं मशिन त्याच्याकडे वारंवार उघडायला येतं, हे तो एका वाक्यात सांगेल.

पेट्रोल आणि केरोसीनवरच्या जनरेटरसाठी १ सप्टेंबर २००३ पासून ८६ डेसिबलची ध्वनिमर्यादा आहे. त्याचं प्रमाणपत्र विचारा. दुकानदार टाळाटाळ करायला लागला तर पुढच्या दुकानात चला.

जुना घेत असाल तर लोडशेडिंगच्या काळातले, वर्षानुवर्षं माळ्यावर पडून राहिलेले जनरेटर जपून बघा. टाकीचं झाकण उघडून वास घ्या. सडलेल्या पेट्रोलचा आंबूस, वार्निशसारखा वास आला तर कार्बोरेटर चिकटलेला समजा. ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. सॉकेट करपलेलं असेल तर कोणीतरी झेपेल त्यापेक्षा जास्त लोड ओढलाय.

पहिल्यांदा सुरू करताना

जागा आधी ठरवा. सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये, पोडियमखाली किंवा बाल्कनीत अजिबात नाही. सेक्रेटरींना सांगून कंपाउंडच्या मोकळ्या कोपऱ्यात, दिवसा. त्याहून बरं म्हणजे कोणाच्या गाळ्यासमोरचं अंगण, नाहीतर बदलापूर-मुरबाडकडचं गावचं घर.

नवा फोर-स्ट्रोक जनरेटर बहुधा ऑइल न भरता येतो. हे न वाचता दोरी ओढली तर पहिल्याच दिवशी इंजिन जाम होऊ शकतं. मशिन सपाट जागी ठेवा, पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचं ऑइल (बहुधा १० डब्ल्यू-३०) डिपस्टिकच्या (ऑइल मापायच्या पट्टीच्या) वरच्या खुणेपर्यंत भरा. टू-स्ट्रोक असेल तर पुस्तिकेतल्या प्रमाणात ऑइल आणि पेट्रोल आधी कॅनमध्ये मिसळा, मगच टाकीत ओता.

पेट्रोल कॉक (टाकीखालची तोटी) उघडा, चोक लावा, स्विच ऑन करा. दोरी आधी हळू ओढा, अडल्यासारखी लागली की तिथून झटक्यात. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल पोचेपर्यंत नव्या मशिनला पाच-सात वेळा ओढावं लागलं तर घाबरू नका. इंजिन लागलं की चोक हळूहळू काढा आणि पाच मिनिटं काहीही न जोडता चालू द्या. पहिले काही तास निम्म्या लोडवरच चालवा, पूर्ण लोडची परीक्षा त्यानंतर.

खरी परीक्षा: इस्त्री

यासाठी लागतं काय? मल्टिमीटर, सॉकेटमध्ये लावायचा वॉटमीटर, १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब आणि घरातली साधी इस्त्री. ड्राय इस्त्रीवर बहुधा ७५० किंवा १००० वॉट लिहिलेलं असतं. ७५० ची इस्त्री अधिक १०० चा बल्ब म्हणजे बरोबर ८५०. मोठं मशिन असेल तर मांडववाल्याकडून ५०० चा हॅलोजन मागून आणा.

आधी बिनलोडचं व्होल्टेज बघा. आपल्याकडे घरगुती सप्लाय २३० व्होल्ट, सहा टक्के कमी-जास्त, म्हणजे साधारण २१६ ते २४४. जनरेटरही याच्या आसपास राहायला हवा. मीटरवर हर्ट्झ दिसत असतील तर बिनलोड ५२ च्या आसपास आणि लोडवर ५० च्या जवळ, हे ठीक.

आता बल्ब लावा, मग इस्त्री कॉटनवर ठेवून, उभी करून. इस्त्रीचा उपयोग असा की गरम झाली की तिचा थर्मोस्टॅट आपोआप 'टक्' करून बंद होतो आणि थोड्या वेळाने पुन्हा चालू होतो. म्हणजे मशिनवर लोड अचानक पडतो, अचानक उतरतो, आणि तुम्हाला फक्त कान देऊन उभं राहायचं असतं. लोड पडताच इंजिनाचा आवाज क्षणभर बसतो, बल्ब किंचित मंदावतो, आणि एक-दोन सेकंदांत दोन्ही सावरायला हवं. सावरलं नाही, बल्ब मंदच राहिला, तर मशिनमध्ये दम नाही. उलट लोड उतरताच बल्ब भगभगून पेटला आणि मीटर २६० च्या वर गेला, तर मोबाइलचे चार्जर त्याला जोडू नका. मशिन परत करा.

इथे एक फसवणूक लक्षात घ्या. ७५० ची इस्त्री चालली म्हणजे मशिनने ७५० वॉट दिले असं होत नाही. व्होल्टेज २०० वर घसरलं की तीच इस्त्री जेमतेम ५७० वॉट घेते. म्हणून नजर वॉटमीटरवर हवी, इस्त्रीवरच्या लेबलवर नको.

पूर्ण लोडवर अर्धा तास चालवा. आवाज सारखा वर-खाली होत राहिला तर कार्बोरेटरमध्ये घोळ आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, नाहीतर चोक अर्धवट राहिलाय. फोर-स्ट्रोकमधून निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. सुरुवातीला रंगाचा थोडा वास येतो, पण प्लास्टिक किंवा वाइंडिंग (आतले तारांचे वेढे) करपल्यासारखा आला तर लगेच लोड काढा.

शेवटी पेट्रोलचं माप. टाकी एका खुणेपर्यंत भरा, निम्म्या लोडवर तासभर चालवा, बंद करून पूर्ण थंड होऊ द्या आणि मापाच्या भांड्याने पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरा. जितकं लागलं तितका तुमचा तासाचा खर्च. बंद करतानाही आधी लोड काढायचा, दोन-तीन मिनिटं मोकळं चालू द्यायचं, मग स्विच.

कॅम्पवर नेताना

लोकलमधून किंवा एसटीतून पेट्रोल नेता येत नाही. गाडीच्या डिकीत जनरेटर ठेवताना टाकी रिकामी, कॉक बंद, मशिन उभं. पेट्रोल प्लास्टिकच्या बाटलीत नको, घट्ट झाकणाच्या धातूच्या कॅनमध्ये. परवान्याशिवाय स्वतःपुरतं ३० लिटरपर्यंत बाळगता येतं, पण पाच लिटरच्या वर कशाला लागेल? येऊरचं जंगल राष्ट्रीय उद्यानात येतं, तेव्हा जवळ आहे म्हणून तिकडे जनरेटर आणि तंबू घेऊन जाण्याचा विचारही करू नका.

सगळ्यात जास्त सांभाळायचं ते धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, आणि माणूस समजतो की दमलोय किंवा पित्त झालंय. झोपेतच माणसं जातात. जनरेटर तंबूपासून निदान वीस फूट लांब, सायलेन्सरचं तोंड तंबूंच्या उलट दिशेला, आणि वारा तंबूंकडून जनरेटरकडे वाहील अशा बेताने ठेवा. तलावाकाठी रात्री वारा फिरतो, तेव्हा झोपायच्या आधी बंदच करा. पाऊस आला म्हणून तो तंबूच्या पडवीत ओढायचा नाही. बंद करून ताडपत्रीखाली ठेवायचा.

तेवढ्या अंतरासाठी १.५ स्क्वेअर मिमीची तीन कोअर केबल घ्या आणि पूर्ण उलगडून वापरा. गुंडाळलेली केबल लोडवर तापते. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून फार्महाउसच्या सॉकेटमध्ये करंट घुसवायचा उद्योग कोणी सुचवला तर त्याला वायरीपासून लांब ठेवा. त्या उघड्या पिनांमुळे तुमचा, आणि उलट्या दिशेने लाइनवर गेलेल्या करंटमुळे वायरमनचा जीव जाऊ शकतो. आणि रात्री दहानंतर बंद, कारण दहा ते सहा ही आवाजाच्या नियमांतली रात्र आहे. शेजारच्या तंबूतल्यांना नियम माहीत नसला तरी झोप हवी असते.

परत आल्यावर

आता पंपावर बहुतेक ठिकाणी मिळतं ते इ-२०, म्हणजे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. त्यातलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत ते लवकर होतं. म्हणून टाकी रिकामी करा, कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. फोर-स्ट्रोकचं पहिलं ऑइल वीस तासांनी बदला, पुढे पुस्तिकेप्रमाणे. पावसाळाभर ठेवून द्यायचा असेल तर प्लग काढून आत चमचाभर इंजिन ऑइल सोडा, दोरी दोन-तीनदा हळू ओढा आणि प्लग परत लावा. दसऱ्याच्या सुमाराला ताजं पेट्रोल घालून पुन्हा एकदा इस्त्री लावून बघा.