प्रादेशिक वाहतूक आराखडा कसा तयार करावा

एखाद्या प्रदेशाचा दीर्घकालीन वाहतूक आराखडा करताना रस्त्यांची यादी सर्वांत शेवटी करावी. येत्या वीस-पंचवीस वर्षांत वस्ती कुठे वाढेल, रोजगार कुठे एकवटतील आणि माल कुठून कुठे जाईल, याचा अंदाज आधी बांधावा लागतो. त्यासाठी घरोघरचे प्रवास सर्वेक्षण, मालवाहतुकीच्या नोंदी आणि भूवापराचे नकाशे एकत्र ठेवून वाचावेत.

त्यानंतर मोजायची मुख्य गोष्ट म्हणजे पोहोच, अर्थात ठरावीक वेळेत किती रोजगार एका माणसाच्या आवाक्यात येतात. ४५ मिनिटांची मर्यादा धरू. थांब्यापर्यंत ८ मिनिटे चालणे, दर २० मिनिटांनी बस असल्यास सरासरी १० मिनिटे वाट पाहणे आणि उतरल्यावर ७ मिनिटे चालणे, एवढे वजा केल्यावर प्रत्यक्ष प्रवासाला २० मिनिटे उरतात. बसचा वेग ताशी १८ किलोमीटर असेल, तर माणूस ६ किलोमीटर जातो. तीच बस दर १० मिनिटांनी सोडली, की साडेसात किलोमीटरपर्यंत जाता येते आणि आवाक्यातले क्षेत्र दीडपटीहून अधिक होते. नवा रस्ता न बांधता कामगाराला निवडीला अधिक नोकऱ्या आणि उद्योगाला अधिक माणसे मिळतात. वाहतुकीतून होणारी आर्थिक वाढ बहुतांशी इथूनच सुरू होते. याउलट, गर्दीचा रस्ता नुसता रुंद केल्यास नवी वाहने येऊन तो पुन्हा भरतो, हा अनेक शहरांचा अनुभव आहे.

भूवापर आणि वाहतूक यांचे निर्णय वेगवेगळ्या टेबलांवर होऊ देऊ नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. कोपनहेगनने १९४७ च्या आराखड्यात रेल्वेमार्गांलगत बोटांप्रमाणे वस्ती वाढवून मधले पट्टे हिरवे राखायचे ठरवले. ब्राझीलमधील कुरितिबा शहराने १९७४ मध्ये बससाठी राखीव मार्गिका सुरू केल्या आणि दाट बांधकामाला त्यांच्याच कडेने वाव दिला. भावी मार्गांची जमीन आजच आरक्षित करावी, कारण वस्ती झाल्यावर भूसंपादनाचा खर्च वाढतो आणि विस्थापितांचे हाल होतात.

मालवाहतुकीसाठी सरासरी वेगाइतकीच वेळेची खात्री महत्त्वाची असते. ट्रक केव्हा पोहोचेल याचा भरवसा नसेल, तर कारखान्याला जास्तीचा साठा करून भांडवल अडकवावे लागते.

भविष्याचे एकच चित्र गृहीत धरू नये. लोकसंख्या, इंधनाचे दर आणि उद्योगांचे स्थलांतर यांच्या तीन-चार शक्यता मांडून, त्या सर्वांत उपयोगी ठरणारी कामे पहिल्या टप्प्यात घ्यावीत. प्रत्येक कामापुढे बांधकामाबरोबरच देखभालीचा खर्च आणि निधीचा स्रोत लिहावा. अमेरिकेत महानगर प्रदेशांच्या आराखड्यांना किमान २० वर्षांचा पल्ला, अपेक्षित निधीचा हिशेब आणि दर चार किंवा पाच वर्षांनी सुधारणा कायद्यानेच बंधनकारक आहे. असा कायदा नसेल तेथे फेरआढाव्याची तारीख आराखडा मंजूर करणाऱ्या ठरावातच घालावी.