अमेरिकन नागरिक झाल्यावर भारतीय पासपोर्ट सरेंडर कसा करावा

‘सरेंडर करेपर्यंत आपण भारतीयच’ असं सांगणारा एक तरी काका प्रत्येक महाराष्ट्र मंडळात असतो. त्याचं ऐकू नका. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ स्पष्ट आहे: स्वेच्छेने परकं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. सरेंडर सर्टिफिकेट हा फक्त त्याचा कागद. त्यामुळे मुदत शिल्लक असली तरी शपथेनंतर जुन्या पासपोर्टवर मुंबई गाठू नका, दंड बसतो.

अर्ज ऑनलाइन आहे. कागदांची यादी त्या दिवशीची बघा, मैत्रिणीने पाठवलेली नको.

घोळ होतो तो नावाचा. भारतीय पासपोर्टवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, नॅचरलायझेशन सर्टिफिकेटवर (अमेरिकन नागरिकत्वाच्या दाखल्यावर) सासरचं आडनाव आणि मधलं नाव गायब. तपासणाऱ्याच्या लेखी या दोन वेगळ्या बायका! माझा स्वतःचा अर्ज यातच लटकला होता, आणि नंतर ज्यांना मदत केली त्यातल्या बहुतेकींचा इथेच अडला. दोन्ही नावं कागदावर आहेत तशीच लिहा, स्पेलिंगसकट. मनाने ‘दुरुस्त’ करू नका. मधला दुवा म्हणून विवाह नोंदणीचा दाखला जोडा. मंगल कार्यालयाची पावती आणि लग्नपत्रिका घरीच राहू द्या. नोंदणीच केली नसेल तर आधी ती करून घ्या, मग अर्ज.

नागरिकत्व मिळाल्याची तारीख नॅचरलायझेशन सर्टिफिकेटवरची लिहायची, अमेरिकन पासपोर्टवरची नाही.

सरेंडर सर्टिफिकेट आलं की ओसीआयचा, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डाचा, अर्ज करा.

आता पैशाचं. भारतातला प्राप्तिकर मुख्यतः वास्तव्यावर ठरतो, आणि नागरिकत्व सोडल्याबद्दल भारत वेगळा कर लावत नाही. अमेरिकेला जगभरातलं उत्पन्न तुम्ही ग्रीन कार्डापासूनच दाखवायला हवं होतं. भारतातल्या खात्यांची एकूण शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती अमेरिकन सरकारला देणारा फॉर्म, भरायचा. बँकेला मात्र नवा पासपोर्ट कळवा.

गावची शेतजमीन घाबरून विकू नका. वारशाने आलेली ठेवता येते, सातबाऱ्यावर नाव राहतं. ओसीआयवर नवी शेती किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारशाची विकायचीच असेल तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच, आणि महाराष्ट्रात तो सहसा शेतकरीच असावा लागतो. चुलतभावाशी बोलणी सुरू करण्याआधी फेरफार बघून घ्या.

मतदारयादीतून नाव काढायला फॉर्म ७ भरा.