कार्लश्टेनला जाताना: प्रागमध्ये नव्याने आलेल्या मंडळींसाठी

प्रागमध्ये सामान लागलं की पहिल्या सुट्टीत सगळ्यांना जवळच्या कार्लश्टेन किल्ल्यावर जायचं असतं. जा जरूर, पण राजगडावर निघाल्यासारखे उठून जाऊ नका. इथे दार उघडं दिसलं म्हणून आत शिरता येत नाही. आतला भाग ठरलेल्या वेळेला, गाइडबरोबरच बघायचा. बहुतेक चेक किल्ले सोमवारी बंद असतात, आणि हिवाळ्यात तर बरेचसे महिनोन्‌महिने. तेव्हा आधी वेळापत्रक बघा, मग मित्रांना आमंत्रणं द्या.

तिकीट काढताना कंजुषी करायची नाही. साध्या फेरीत राजवाड्याच्या खोल्या दिसतात. खरा ऐवज मोठ्या बुरुजात, होली क्रॉस चॅपलमध्ये आहे. बोहेमियाचा (म्हणजे जुन्या चेक राज्याचा) राजा आणि पुढे पवित्र रोमन सम्राट झालेल्या चौथ्या चार्ल्सने 1348 मध्ये हा किल्ला बांधायला घेतला तो त्या साम्राज्याची राजचिन्हं, म्हणजे मुकुट वगैरे, आणि संतांचे अवशेष जपायला. म्हणून रचनाही तशीच: खाली राजाचं राहणं, वर मधला बुरुज, सगळ्यात उंचावर देवघर. भिंतींत रत्नखडे बसवलेले, छताला सोन्याचा मुलामा, आणि थिओडोरिक नावाच्या चित्रकाराची संतांची 129 चित्रं. गर्दीच्या श्वासाने दमटपणा वाढून चित्रं खराब होतात, म्हणून एका वेळी मोजकेच लोक सोडतात, तेही हंगामात. ही फेरी आठवडे आधी ऑनलाइन बुक करा. मुकुट मात्र शोधू नका. साम्राज्याची राजचिन्हं व्हिएन्नात आहेत, बोहेमियाची प्रागच्या सेंट व्हायटस कॅथेड्रलमध्ये. आणि बाहेरून किल्ला फारच नीटनेटका वाटला तर तुमची नजर बरोबर आहे: एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी योसेफ मोकर या वास्तुविशारदाने त्याला बराच नवा चेहरा दिला.

मुख्य स्टेशनवरून बेरोउनकडे जाणारी लोकल घ्या, पाऊण तासाच्या आत पोचते. प्रागचा पास इथवर पुरत नाही, पुढच्या झोनचं तिकीट वेगळं काढा. स्टेशनवरून नदी ओलांडून गावातून चढ आहे. सोबत आजी-आजोबा असतील तर निवांत वेळ हाताशी ठेवा. रस्त्यावरची दुकानं पर्यटकांच्या खिशावर डोळा ठेवून असतात. शाकाहारी असाल तर 'स्माझेनी सीर', म्हणजे तळलेलं चीज, जवळपास कुठेही मिळतं.

पाय शिवशिवत असतील तर परत स्टेशनला न जाता लाल पट्टीच्या वाटेने स्वाती यान पोद स्कालोऊ गाव करून बेरोउनला उतरा. झाडांवर दोन पांढऱ्या पट्ट्यांमध्ये लाल पट्टी दिसेल, ती सोडायची नाही. समोरून येणारा 'दोब्री देन', म्हणजे नमस्कार, म्हणेल, तुम्हीही म्हणा. बेरोउनहून प्रागला गाड्या भरपूर आहेत.