मांडे करणाऱ्या हातातली वीज: स्नायूंचं रेकॉर्डिंग नव्या सॉफ्टवेअरवर कसं करावं

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खानदेशात पुरणाचे मांडे होतात. पुरण भरलेला उंडा थोडा लाटायचा आणि मग दोन्ही हातांवर फिरवत फिरवत वाढवायचा. पुरेसा पसरला की चुलीवरच्या उपड्या खापरावर टाकायचा. मी ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवतो. एका विद्यार्थिनीने विज्ञान प्रकल्पासाठी विचारलं, "सर, मांडा करताना आजीच्या हाताचे स्नायू किती काम करतात, ते मोजता येईल का?"

येतं. स्नायू आकुंचन पावताना त्यात सूक्ष्म वीज निर्माण होते आणि त्वचेवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडना ती मिळते. तिचा जोर काही मायक्रोव्होल्टपासून फार तर काही मिलिव्होल्टपर्यंत असतो. या नोंदीला ईएमजी म्हणतात. पहिल्या वर्षी आमचं सगळं रेकॉर्डिंग वाया गेलं. सगळे फिल्टर, म्हणजे सिग्नल गाळणाऱ्या सोयी, चालू होते, फाइलमध्ये एकही खूण नव्हती. कोणती लाट मांड्याची आणि कोणती आजींनी पदर सावरल्याची, ते कळेना. चूक माझी होती. दुसऱ्या वर्षी जे नीट केलं, ते इथे सांगतो.

साधनं अशी: बॅटरीवर चालणारं छोटं ईएमजी अ‍ॅम्प्लिफायर किट, मेडिकलमध्ये मिळणारे ईसीजीचे चिकट इलेक्ट्रोड पॅच, स्पिरिट, कापूस आणि लॅपटॉप. आम्ही बॅकयार्ड ब्रेन्स या कंपनीचं स्पाइक रेकॉर्डर हे सॉफ्टवेअर वापरलं. ते मोफत आहे आणि त्याचा कोडही खुला आहे. दिल्लीच्या अपसाइड डाउन लॅब्जची किट घेतली तर त्यांचं कॉर्ड्स सॉफ्टवेअर थेट ब्राउझरमध्ये चालतं. पुढच्या बहुतेक पायऱ्या दोन्हींना लागू पडतात.

सगळ्यात आधी लॅपटॉपचा चार्जर काढा. हे सुरक्षेसाठी आहे आणि त्यात सवलत नाही. अंगावर इलेक्ट्रोड असताना घरच्या विजेशी जोडलेलं काहीही त्या साखळीत नको. पेसमेकर बसवलेल्या माणसावर हा प्रयोग करू नका. या नोंदीवरून आजाराचं निदानही करू नका.

आता त्वचा. आखाजी येते ऐन उन्हाळ्यात आणि जळगाव-भुसावळचं ऊन सगळ्यांना ठाऊक आहे. घामाने पॅच सुटतात आणि रेषा वरखाली तरंगू लागते. म्हणून सकाळी लवकर बसा. कोपराच्या खालची जागा स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्या. दोन पॅच स्नायूच्या लांबीच्या दिशेने लावा, त्यांच्या केंद्रांत साधारण 2 सेंटीमीटर अंतर ठेवा. तिसरा, म्हणजे ग्राउंडचा, कोपराच्या हाडावर. वायर हाताला टेपने बांधा. लोंबती वायर हलली की तिचीच लाट पडद्यावर येते. खापरापाशी वायर नको म्हणून आजींनी मांडा फक्त हातावर वाढवला, खापरावर टाकायचं काम काकूंनी केलं.

सॉफ्टवेअर उघडल्यावर सिग्नलचा प्रकार निवडायची सोय दिसेल: स्नायू, हृदय, मेंदू, वनस्पती. ईएमजी निवडलं की फिल्टरच्या मर्यादा आपोआप बसतात. त्वचेवरून मिळणाऱ्या ईएमजीचा उपयोगी भाग साधारण 20 ते 450 हर्ट्झमध्ये असतो. त्याखाली बहुतेक हालचालीचे हेलकावे असतात. नमुने, म्हणजे सिग्नलची मोजमापं, सेकंदाला किमान 1,000 घेतले जात आहेत ना, हेही पाहा. त्याहून कमी असतील तर वरच्या वारंवारता खोटं रूप घेऊन खाली उतरतात आणि नंतर कोणत्याही फिल्टरने निघत नाहीत.

यानंतरच्या एका बटणाबद्दल मला जास्त सांगायचं आहे. ते म्हणजे 50 हर्ट्झचा नॉच फिल्टर, तेवढीच एक वारंवारता कापणारा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे. घरातल्या वायरिंगची गुणगुण शरीरावर येते आणि अर्थिंग धड नसलेल्या जुन्या घरात ती स्नायूच्या सिग्नलला गिळून टाकते. नॉचचं बटण दाबलं की रेषा झटक्यात स्वच्छ होते आणि मोह होतो. पण स्नायूची बरीचशी ताकद 50 ते 150 हर्ट्झच्या आसपासच असते. गुणगुणीबरोबर खऱ्या सिग्नलचा तुकडाही कापला जातो. म्हणून आधी कारण शोधा. चार्जर काढला का? टेबलफॅन, मिक्सर, फ्रिजची वायर जवळ आहे का? ग्राउंडचा पॅच सुटलाय का? आम्ही ओसरीत, मीटरच्या भिंतीपासून लांब बसलो आणि गुणगुण इतकी उतरली की नॉचची गरजच उरली नाही.

फिल्टर लावावाच लागला तर एक चाचणी करा. काही सॉफ्टवेअर मूळ सिग्नल साठवतात आणि फिल्टर फक्त पडद्यावर दाखवतात. काही मात्र गाळलेलाच सिग्नल फाइलमध्ये लिहितात. इलेक्ट्रोडच्या सुट्या वायरीला बोट लावून मुद्दाम गुणगुण आणा, फिल्टर चालू ठेवून 10 सेकंद रेकॉर्ड करा. मग फिल्टर बंद करून तीच फाइल उघडा. गुणगुण दिसली तर मूळ सिग्नल सुरक्षित आहे. नाही दिसली तर रेकॉर्डिंग फिल्टर बंद ठेवूनच करा. गाळणं नंतर कधीही करता येतं, गाळून फेकलेलं परत येत नाही. मोठ्या प्रयोगशाळाही हेच करतात. मेंदूतल्या चेतापेशींची वीज टिपणारा न्यूरोपिक्सेल्स नावाचा इलेक्ट्रोड 384 चॅनेलवर सेकंदाला 30,000 नमुने घेतो, म्हणजे तासाला सुमारे 83 जीबी. तरीही मूळ नोंद जपतात, कारण किलोसॉर्टसारख्या विश्लेषण सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की जुन्या नोंदी पुन्हा तपासता येतात. आपल्या एका चॅनेलची 10 मिनिटांची फाइल, सेकंदाला 10,000 नमुने धरले तरी, 12 एमबीच होते. जागेची सबब नाही.

रेकॉर्डिंग सुरू केल्यावर एकाने कीबोर्डवरच बसायचं. स्पाइक रेकॉर्डरमध्ये आकड्याची कळ दाबली की त्या क्षणी सिग्नलवर खूण पडते आणि ध्वनिफाइलसोबत खुणांची वेगळी मजकूर-फाइल तयार होते. आमच्या खुणा ठरलेल्या होत्या: 1 म्हणजे मांडा हातावर घेतला, 2 म्हणजे खाली दिला, 9 म्हणजे बाकी काहीही, बोलणं, खोकणं, पदर. यादी आधी कागदावर लिहा. ऐनवेळी ठरवलेल्या खुणा संध्याकाळी कोणालाच आठवत नाहीत.

आवाज चालू ठेवा. स्नायूची वीज स्पीकरवर ऐकू येते. बिघडलेला पॅच डोळ्याआधी कानाला कळतो. आजींनी मूठ आवळली, स्पीकरमधून सरसर आली, आणि त्या म्हणाल्या, "हाई काय शे? पानी पडी ऱ्हायनं का?" खरंच, पत्र्यावर पाऊस पडावा तसाच तो आवाज असतो.

विश्लेषणात सरासरी काढायला जाऊ नका. सिग्नल शून्याच्या वर-खाली सारखाच जातो, सरासरी शून्याजवळच येते. दोन खुणांमधला भाग निवडून त्याचं आरएमएस मूल्य बघा, म्हणजे आकड्यांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ. पण एका हाताचा आकडा दुसऱ्याशी थेट ताडू नका, कारण पॅचची जागा आणि त्वचेखालची चरबी आकडा बदलते. म्हणून सुरुवातीला प्रत्येक हाताने पूर्ण जोर लावून मूठ आवळायला सांगा आणि ते आरएमएस 100 टक्के धरा. समजा मूठ आवळताना 400 आणि मांडा करताना 120 आलं, तर त्या हाताच्या स्नायूची वीज पूर्ण जोराच्या वेळच्या 30 टक्के होती. आता डावा-उजवा तुलना रास्त होते.

थ्रेशोल्ड, म्हणजे ठरावीक उंचीची मर्यादा, लावून लाटांची सरासरी दाखवणारी सोय या कामाला नको. ती हृदयाच्या ठोक्यासारख्या एकसारख्या लाटेसाठी आहे. तिथे 25 ठोके एकावर एक ठेवले की खरखर पाचपट कमी होते. मांड्याची प्रत्येक फेरी वेगळी असते, सरासरीत ती पुसली जाते.

पॅच काढण्याआधी फाइल उघडून पाहा. लाटांची टोकं सपाट कापलेली दिसली तर गेन, म्हणजे सिग्नल मोठा करण्याचं प्रमाण, कमी करून तिथेच पुन्हा रेकॉर्ड करा. नावात तारीख, हात आणि स्नायू लिहा, प्रत दुसरीकडे ठेवा. आणि पॅचभोवती पेनने गोल काढून ठेवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी तीच जागा सापडते. आजींच्या हातावरचे आमचे गोल भांडी घासूनही तीन दिवस टिकले, आणि तिन्ही दिवसांच्या नोंदी एकाच जागेवरून मिळाल्या.