घरी वस्तूंचे फोटो काढताय? या चुका टाळा

घरून दागिने, साड्या, फराळ विकणाऱ्यांचे फोटो नीट येईनात की पहिला इलाज ठरलेला: अजून एक लाइट घ्या. मग रिंग लाइट येतो, डोक्यावर ट्यूब चालूच असते, खिडकीही उघडी असते, आणि फोटो आधीपेक्षा वाईट येतो. माझं ऐकाल तर आधी घरातले दिवे बंद करा.

बहुतेक घोटाळा इथेच होतो. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका पिवळट, जास्त तितका निळसर. पिवळा बल्ब साधारण 3000 केल्विनचा, 'कूल डेलाइट' बल्ब 6500 चा, आणि खिडकीतला उजेड ढगांप्रमाणे बदलत राहणारा. आपले डोळे हे सगळं सांभाळून घेतात. कॅमेऱ्याला मात्र एकच पांढरा रंग धरता येतो. म्हणून मोत्यांची नथ एका बाजूने पिवळट आणि दुसऱ्या बाजूने निळसर दिसते, आणि मग एडिटिंग करूनही दोन्ही बाजू एकदम सुधारत नाहीत. खिडकी तरी वापरा, नाहीतर बल्ब तरी. बल्ब दोन लागणार असतील तर एकाच कंपनीचे, एकाच केल्विनचे घ्या. पोपटी किंवा गुलाबी भिंतीला खेटून टेबल लावलंत तर भिंतीचा रंगही वस्तूवर चढतो, तेव्हा टेबल जरा पुढे ओढा.

बल्ब घेताना सगळे वॅट बघतात, सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा 100 पैकी आकडा, कोणी बघत नाही. तो 90 च्या वर असलेला बरा. कमी असेल तर लाल रंग हमखास मळकट येतो, आणि 'फोटोतला रंग वेगळा होता' म्हणून पैठणी परत येते.

दुसरी मोठी चूक म्हणजे लहानसा दिवा लांब ठेवणं. वस्तूच्या मानाने दिवा जितका मोठा, तितकी सावली मऊ. बल्ब आणि वस्तू यांच्यामध्ये बटर पेपर किंवा पातळ पांढरा पडदा ताणून लावा, म्हणजे तो अख्खा कागदच दिवा होतो. तो वस्तूच्या जवळ, फक्त फोटोत येणार नाही इतकाच बाजूला ठेवा. उघडा बल्ब दुप्पट लांब नेला तर वस्तूवर उजेड चौथाई उरतो. कागदाचा हा प्रयोग एलईडीवरच करायचा. हॅलोजन इतका तापतो की कागद पेटेल.

उजेड समोरून नको, बाजूने किंवा किंचित मागून घ्या. चकलीचे काटे तेव्हाच उठून दिसतात. समोरून फ्लॅश मारला की तीच चकली सपाट दिसते. सावलीची बाजू फार काळी वाटली तर तिथे पांढरा कार्डशीट उभा करा. दुसरा लाइट लागत नाही.

बॅकड्रॉप म्हणून चादर लावू नका, सुरकुत्या लपत नाहीत. फ्लेक्स चमकतो. स्टेशनरीच्या दुकानातला जाडसर, चमक नसलेला कार्डशीट भिंतीवरून टेबलावर घडी न घालता गोलाईत सोडा, म्हणजे मागची रेघ दिसत नाही. काळ्यासाठी मखमल घ्या, कारण काळा कागद उजेडात राखाडी दिसतो. मागे सावली पडत असेल तर वस्तू पुढे आणा.

पांढरा कागद फोटोत राखाडी येतो, त्यात दोष कागदाचा नाही. फ्रेममध्ये पांढरंच पांढरं दिसलं की कॅमेरा आपणहून उजेड कमी करतो. स्क्रीनवर वस्तूवर टॅप करून एक्सपोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, थोडं वाढवा. फार वाढवलंत तर चांदीच्या वस्तूची कड कागदात विरघळते.

आडवे पट्टे दिसत असतील तर दिवा लुकलुकतोय. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे साधा बल्ब सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होतो. फोनच्या कॅमेऱ्यातल्या प्रो मोडमध्ये (जिथे सेटिंग हाताने बदलता येतात) शटर, म्हणजे कॅमेरा उजेड किती वेळ आत घेतो ते, 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवा.

दागिन्यांना रिंग लाइट मुळीच नको. प्रत्येक मण्यात पांढरं कडं उमटतं, शिवाय मधोमध तुमचा फोन. भोवती पांढरे कागद उभे करा, थोडं मागे सरका आणि 2एक्स लेन्स असेल तर ती वापरा. अगदी जवळून वाइड लेन्सने काढलं की बांगडी वाकडी दिसते.

एवढं करूनही फोटो धुरकट येतोय? लेन्स पुसा. फराळ करता करता फोटो काढणाऱ्यांच्या फोनवर तेलाचे ठसे असतातच.